महिन्याचा शेवटचा आठवडा आणि शिध्याची रांग

कॅलिफोर्नियातील रुग्णालयांच्या २००० ते २००८ या काळातील नोंदींचा एक अभ्यास २०१४ मध्ये ‘हेल्थ अफेअर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरल्यामुळे रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रसंग महिन्याच्या कोणत्या आठवड्यात किती येतात, हे त्यात पाहिले होते. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतील लोकांच्या बाबतीत हा धोका पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी अधिक निघाला. सधन वस्त्यांत मात्र असा चढउतार दिसला नाही. स्वादुपिंडाला कॅलेंडर कळत नाही. कॅलेंडर कळते ते घरमालकाला, वीज कंपनीला आणि सरकारी अन्नसाहाय्याचे पैसे महिन्यातून एकदाच कार्डावर जमा करणाऱ्या यंत्रणेला. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन ठरल्या वेळी घेतले जाते, पण त्यापाठोपाठ पोटात जायला हवे ते जेवण तिसऱ्या आठवड्यानंतर घरात पुरेसे उरलेले नसते, असा या आकड्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला.

न्यू जर्सीत ज्या फूड पॅन्ट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रात, मी काही वर्षे शनिवारी सकाळी काम करते, तेथेही महिन्याचा पहिला शनिवार आणि शेवटचा शनिवार यांत फरक असतो. पहिल्या शनिवारी नऊ वाजता दार उघडले तरी चालते. शेवटच्या शनिवारी आठ वाजताच चर्चच्या मागच्या भिंतीला धरून रांग वळलेली असते. ती माणसे पाहून मनात जो पहिला विचार येतो, तो बहुतेकांच्या मनात येतो आणि तो चुकीचा असतो. आमचे नाशिकचे मामा गेल्या उन्हाळ्यात आले असताना एकदा हौसेने माझ्याबरोबर कांदे भरायला आले होते. अर्ध्या तासाने मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “अगं, ह्यांना उपाशी कोण म्हणेल? एकेकाची अंगकाठी बघ.” मामांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. उपासमार म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दुष्काळातले बरगड्या दिसणारे शरीर येते, कारण आपल्या आजी-आजोबांनी तीच पाहिलेली असते. येथली उपासमार वजनकाट्यावर उलटी दिसते, आणि ती का उलटी दिसते हे कळल्याखेरीज पॅन्ट्री आणि प्रकृती यांच्या संबंधाविषयी बोलण्यात अर्थ नाही.

आधी ही व्यवस्था काय आहे ते सांगायला हवे. फूड बँक म्हणजे मोठे गोदाम. दुकाने, कारखाने, शेतकरी आणि सरकार यांच्याकडून आलेला माल तेथे साठतो. फूड पॅन्ट्री म्हणजे त्या गोदामातून माल आणून लोकांना शिधा देणारी जागा, बहुधा एखाद्या चर्चचे तळघर, शाळेची खोली किंवा समाजमंदिर. शिजवलेले अन्न येथे मिळत नाही, म्हणून अन्नछत्र हा शब्द तिला लागू पडत नाही; शिधा हाच बरोबर शब्द. अशी पहिली बँक जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये अॅरिझोनातील फिनिक्स शहरात सुरू केली. आज ‘फीडिंग अमेरिका’ या जाळ्यात सुमारे २०० बँका आणि त्यांच्या हाताखाली सुमारे ६० हजार पॅन्ट्र्या व भोजनकेंद्रे आहेत. सरकार या उद्योगात शिरले ते एका विचित्र वाटेने. दुधाचे भाव टिकावेत म्हणून सरकारने विकत घेतलेले चीज गोदामांत साचून बुरसू लागले, तेव्हा १९८१ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ते गरिबांना वाटण्याचा आदेश दिला. त्यातून जो कार्यक्रम उभा राहिला त्याच्या नावात आरंभी ‘तात्पुरता’ असा शब्द होता. १९९० मध्ये तो गाळण्यात आला आणि कार्यक्रम आजही चालू आहे. गरिबाने काय खावे याचा विचार या व्यवस्थेच्या मुळाशी कधीच नव्हता, काय उरले आहे हा होता. तिच्या आरोग्यविषयक मर्यादांचे अर्धे स्पष्टीकरण येथेच मिळते.

आता आकड्यांकडे. फीडिंग अमेरिकेने २०१४ मध्ये ६० हजारांहून अधिक लाभार्थ्यांच्या मुलाखतींवर आधारलेली पाहणी प्रसिद्ध केली. पॅन्ट्रीत येणाऱ्या कुटुंबांपैकी ३३ टक्के घरांत कोणाला तरी मधुमेह होता आणि ५८ टक्के घरांत कोणाला तरी रक्तदाब. घर हे एकक धरले असल्यामुळे व्यक्तींच्या टक्केवारीशी या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, आणि तशी तुलना करून हळहळणारे लेख पुष्कळ वाचायला मिळतात. तरीही प्रमाण मोठे आहे यात शंका नाही. यावरून दोन प्रकारचे निष्कर्ष काढले जातात. पहिला पक्ष म्हणतो की पॅन्ट्रीतला माल वाईट आहे, डबाबंद आणि साखरेचा आहे, म्हणून ही माणसे आजारी पडतात. दुसरा पक्ष म्हणतो की ही माणसे आजारी आहेत आणि पॅन्ट्रीत येतातच, तर त्यांच्यावर उपचार करण्याची उत्तम जागा पॅन्ट्रीच आहे. दोन्ही पक्ष पॅन्ट्रीकडे बघतात. माणूस पॅन्ट्रीच्या दारापर्यंत ज्या रस्त्याने आला त्या रस्त्याकडे कोणीच बघत नाही.

त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. ६६ टक्के कुटुंबांनी सांगितले की गेल्या वर्षात औषधपाण्याचा खर्च करावा की अन्न घ्यावे, यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ त्यांच्यावर आली होती. म्हणजे आजारपण हे पॅन्ट्रीच्या वापराचे फळ असण्याआधी त्याचे कारण असते. तासावर मजुरी मिळणाऱ्या माणसाला पाठदुखीने चार दिवस घरी बसावे लागले तर चार दिवसांचा पगार जातो, कारण भरपगारी आजारी रजा देणे खासगी मालकांना बंधनकारक करणारा देशव्यापी कायदा अमेरिकेत नाही. काही राज्यांनी तो केला आहे, पुष्कळांनी नाही. विमा असला तरी अनेकांना वर्षाचे पहिले काही हजार डॉलर स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. घरभाडे चुकवता येत नाही, गाडीचा हप्ता चुकवला तर कामावर जाता येत नाही, विजेचे बिल फार तर महिनाभर लांबवता येते. सगळ्या खर्चांत ज्याला कात्री लावली तर दुसऱ्या दिवशी कोणी दारात येत नाही असा एकच खर्च आहे, तो म्हणजे जेवणाचा. अन्न हे गरिबाच्या अंदाजपत्रकातले लवचीक खाते आहे. म्हणून हृदयविकाराचा झटका, कर्करोगाचे निदान, बाळंतपण किंवा नुसता मोडलेला हात यांचा परिणाम सहा महिन्यांनी कोठे दिसतो, तर शिध्याच्या रांगेत.

उलटा प्रवासही तितकाच खरा आहे, आणि मामांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. डॉलरमागे सर्वांत अधिक उष्मांक मैदा, साखर, तेल आणि बटाटा यांतून मिळतात. पालेभाजी, फळे आणि मासे यांतून सर्वांत कमी. हाती थोडे पैसे असलेला माणूस पोट भरण्याचा विचार करतो आणि तो विचार शहाणपणाचाच असतो. शिवाय महिन्याचे पैसे आले की आठ-दहा दिवस पोटभर, मग काटकसर, मग आईने जेवण चुकवून मुलांना वाढायचे आणि पुन्हा पैसे आले की आधीची भूक भरून काढायची, असे चक्र वर्षानुवर्षे चालले तर वजन वाढते, रक्तातील साखर हेलकावे खाते आणि दिलेले औषध कोणत्या जेवणाच्या हिशेबाने दिले आहे याला अर्थ उरत नाही. डॉक्टर ‘जेवणानंतर एक’ असे लिहितो. कोणत्या जेवणानंतर, हे तो विचारत नाही. निदान विचारत नसे; २०१० पासून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि इतर डॉक्टर दोन साध्या प्रश्नांची चाचणी वापरू लागले आहेत: पैसे येण्याआधी घरातले अन्न संपेल अशी चिंता वाटली का, आणि खरोखरच ते संपले आणि आणायला पैसे नव्हते असे झाले का.

येथे एक प्रसंग सांगते. साठीच्या आसपासच्या एक बाई आमच्याकडे नियमित येतात. पूर्वी वृद्धाश्रमात मदतनीस होत्या, गुडघे गेल्यावर काम सुटले. एका शनिवारी त्यांनी टेबलावरचा टोमॅटो सूपचा डबा उचलला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मागचा बारीक मजकूर वाचू लागल्या. त्यावर सोडियम आठशे-नऊशे मिलिग्रॅम असे लिहिले होते, पण ते अर्ध्या कपाला, आणि डब्यात असे अडीच अर्धे कप होते. निरोगी प्रौढाने दिवसभरात २३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असे अमेरिकी सरकारच सांगते. एका डब्यात तो कोटा जवळजवळ संपत होता. बाईंनी डबा ठेवला, दुसरा उचलला, तो ठेवला, तिसरा उचलला. मग मला म्हणाल्या की डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितले आहे, आणि पहिला डबा पिशवीत टाकून पुढे गेल्या. त्यांना माहिती नव्हती असे म्हणण्याची सोय त्यांनी मला ठेवली नाही. पॅन्ट्रीत येणाऱ्यांना ‘पोषण शिक्षण’ द्यावे, असे जेव्हा जेव्हा कोणी बैठकीत सुचवते तेव्हा मला तो खाली आलेला चष्मा आठवतो.

म्हणूनच ‘अन्न हेच औषध’ ही जी घोषणा गेल्या काही वर्षांत अमेरिकेत जोरात आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये व्हाइट हाउसने भूक, पोषण आणि आरोग्य यांवर भरवलेल्या परिषदेनंतर जिला सरकारी प्रतिष्ठाही मिळाली, तिच्याविषयी मला आदर आहे पण पूर्ण भरवसा नाही. तिची चांगली उदाहरणे आहेत. बॉस्टन मेडिकल सेंटरने २००१ पासून रुग्णालयाच्या आवारातच पॅन्ट्री चालवली आहे आणि तेथील डॉक्टर चिठ्ठी लिहून रुग्णाला शिध्यासाठी पाठवतात. डॉक्टरने भुकेची नोंद घ्यावी यापरते चांगले काय असणार? पण चिठ्ठीवरच्या शिध्याने रोग बरा होईल, हा दावा तपासून पाहिला गेला आहे आणि तो अवघड ठरला आहे. ऑकलंड, डेट्रॉइट आणि ह्यूस्टन येथील फूड बँकांमध्ये मधुमेह असलेल्या ५६८ जणांवर एक पद्धतशीर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या लोकांना सहा महिने मधुमेहाला योग्य असा शिधा, साखरेची तपासणी, शिक्षण आणि डॉक्टरांशी जोडून देणे असे सगळे काही दिले. त्यांची अन्नाची चिंता कमी झाली आणि भाज्या-फळे खाणे वाढले. पण ज्याला आपल्याकडे ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात तो आकडा दोन्ही गटांत सारखाच राहिला.

हा निकाल वाचून पॅन्ट्रीवाले नाराज झाले आणि टीकाकार खूश झाले. दोघांनीही तो नीट वाचला नाही असे मला वाटते. त्याच्या शेजारी झारखंडमधील ‘रेशन्स’ चाचणी ठेवून पाहावी, जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकांतून आले. क्षयरोग्यांच्या घरातल्या माणसांना महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या असा शिधा दिला, तर त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. तेथे अन्नाने औषधाचे काम केले, आणि तेही भपकेदार नाही तर तांदूळ-डाळीने. कारण तेथे रोगाच्या वाटेवरचा अडसर खरोखरच कुपोषित शरीर हा होता, शिधा त्या अडसरावर नेमका पडला आणि त्याचे माप पोटाच्या मापाने ठरवलेले होते. ऑकलंडच्या मधुमेह्याचे तसे नाही. त्याच्या साखरेमागे दोन नोकऱ्या, रात्रपाळी, परवडत नसलेले इन्सुलिन, घर सोडावे लागण्याची धास्ती आणि अनेक वर्षांचे ते भरती-ओहोटीचे जेवण आहे. त्यावर महिन्यातून दोनदा मिळणाऱ्या भाज्यांच्या पेटीने तीन महिन्यांची शुगर उतरावी ही अपेक्षा म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

पॅन्ट्रीने माल सुधारू नये असा याचा अर्थ कोणी काढू नये. मिठाचे डबे कमी करता येतात. २०२० पासून पॅन्ट्र्यांसाठी तज्ज्ञांनी केलेली सोपी प्रतवारी उपलब्ध आहे, जिच्यानुसार चरबी, मीठ आणि साखर पाहून मालावर हिरवा, पिवळा किंवा लाल असा शिक्का पडतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लोकांना भरलेली पिशवी हातात न देता दुकानासारखे निवडू द्यावे. कनेटिकटमधील हार्टफर्ड येथे ‘फ्रेशप्लेस’ नावाच्या पॅन्ट्रीत २०१० पासून हे करून पाहिले गेले. ताजा माल, निवडीची मुभा आणि प्रत्येकाबरोबर बसून नोकरी, घर, कर्ज यांचा विचार करणारा एक माणूस, अशी तेथली रचना होती. वर्षभराने तेथील लोकांची गंभीर उपासमार नेहमीच्या पॅन्ट्रीत जाणाऱ्यांच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाली होती. त्या यशाचे श्रेय भाजीला किती आणि बरोबर बसणाऱ्या माणसाला किती, हे वेगळे करता येत नाही, पण माझा कल दुसऱ्याकडे आहे. फुकट घेणाऱ्याने निवड कसली करायची, असा आक्षेप स्वयंसेवकांमध्येच ऐकू येतो. दात पडलेल्या आणि कवळी नसलेल्या माणसाला सफरचंदे आणि ओव्हन नसलेल्या बाईला अख्खी गोठवलेली टर्की देऊन पाहावी. ती दोन्ही पार्किंगमधल्या कचरापेटीशेजारी सापडतात.

शिध्याची एकूण झेप किती हेही लक्षात ठेवलेले बरे. फीडिंग अमेरिकेच्याच हिशेबाने, फूड बँका जेव्हा एक जेवण पुरवतात तेव्हा ‘स्नॅप’ हा सरकारी अन्नसाहाय्य कार्यक्रम नऊ पुरवतो. २०२४ मध्ये सुमारे ४ कोटी १७ लाख लोक स्नॅपवर होते आणि माणशी सरासरी रक्कम दिवसाला सहा डॉलरच्या आसपास होती. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ४३ दिवस सरकारी कामकाज ठप्प झाले आणि नोव्हेंबरचे स्नॅपचे पैसे अडकले, तेव्हा आमच्या तळघरात महिन्याचा पहिला शनिवार शेवटच्या शनिवारासारखा दिसला. दुसऱ्या आठवड्यात आम्ही घरटी एकच पिशवी द्यायला लागलो. नऊ जेवणांची जागा एक जेवण भरून काढू शकत नाही, हे अंकगणित आहे; दानशूरतेची कितीही स्तुती केली तरी ते बदलत नाही. स्नॅपचे पैसे महिन्यातून दोनदा जमा झाले तर शेवटच्या आठवड्यातल्या त्या २७ टक्क्यांचे काय होईल, हा प्रश्न मला कोणत्याही पाककृती-प्रात्यक्षिकापेक्षा अधिक आरोग्यविषयक वाटतो.

आपल्या माणसांचा या रांगेशी संबंध नाही असेही नाही. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना स्नॅप मिळत नाही, आणि भाडे, फी आणि रुपयाचा भाव यांच्यात सापडलेली मराठी मुले विद्यापीठांच्या पॅन्ट्रीत दिसतात. कॅनडात २०२४ मध्ये एका भारतीय तरुणाने विद्यापीठाच्या फूड बँकेतून फुकट किराणा कसा मिळवावा याचा व्हिडिओ टाकल्यावर जो गदारोळ झाला, त्यानंतर अशी कितीतरी मुले रांगेतून निघून गेली असतील, ज्यांना त्याची खरोखर गरज होती. आणि आपल्याकडच्या रेशनशी तुलना करायचीच तर एक फरक मानाचा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांसाठी महिन्याला माणशी पाच किलो धान्य हा हक्क झाला, त्यासाठी कोणाच्या दानतीवर अवलंबून राहावे लागत नाही. पण पोट भरणे आणि प्रकृती राखणे यांतले अंतर तेथेही आहेच: ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५’नुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय होता, आणि २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत मिळालेल्या ‘आनंदाच्या शिध्या’त रवा, चणाडाळ, साखर आणि तेल होते. सण होता, तेव्हा साखरेबद्दल तक्रार नाही. पण काय वाटायचे हे ठरवताना खाणाऱ्याच्या शरीराचा विचार सर्वांत शेवटी होतो, हे चीजच्या गोदामापासून येथपर्यंत सारखेच आहे.

अमेरिकेचे कृषी खाते १९९५ पासून दरवर्षी हजारो कुटुंबांना अठरा प्रश्न विचारून देशात अन्नाची ओढाताण किती घरांत आहे हे मोजत आले. २०२३ मध्ये असे प्रमाण १३.५ टक्के घरे, म्हणजे ४ कोटी ७४ लाख माणसे, इतके होते. पॅन्ट्रीत कोण येते आणि कोण येत नाही, येणारा अधिक आजारी का, या सगळ्या अभ्यासांना मोजपट्टी तीच होती, कारण रांगेत उभे न राहणाऱ्या भुकेल्या माणसाची नोंद तिच्याखेरीज कोठेच होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये खात्याने हा अहवाल यापुढे बंद करत असल्याचे जाहीर केले. आता उरल्या त्या पॅन्ट्र्यांच्या वह्या. आमच्या वहीत दोन रकाने आहेत: घरात माणसे किती, आणि पिन कोड.